मामाकडचे केळवण घरच्या घरी: सजावट आणि कार्यक्रम कसे आखावेत?

विश्रामबाग_मामी

सर्वांना नमस्कार.

माझ्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. मामाकडचे केळवण आमच्या घरी, सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये, एका रविवारी दुपारी करावे असे आम्ही ठरवले आहे. कार्यालय घेण्याचा विचार आला होता. पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या ती ज्या घरात राहिली, त्याच घरात तिला जेवायला बसवावे असे माझ्या यजमानांना मनापासून वाटते आणि मलाही ते पटले आहे. पाहुणे साधारण चाळीस होतील. हॉल बारा बाय अठरा फुटांचा असून त्याला लागून एक मोठी गॅलरी आहे.

अडचण अशी आहे की, येणाऱ्यांमध्ये तीन पिढ्या आहेत आणि प्रत्येकीच्या मनातले केळवण वेगळे आहे. सासूबाईंना पाट, रांगोळी, समई, औक्षण आणि केळीचे पान एवढे हवे आहे, त्यापलीकडचे काहीही त्यांना नको. भाचीच्या मैत्रिणींनी फुगे, नावाची मोठी अक्षरे, ‘ब्राइड टू बी’ असे लिहिलेला पट्टा आणि केक यांची यादी पाठवली आहे. मुली उत्साहाने आणि प्रेमाने हे सगळे करत आहेत, त्यामुळे त्यांना सरसकट नाही म्हणण्याची माझी इच्छा नाही. शिवाय साताऱ्याहून नवरदेवाची बहीण आणि वहिनीही येणार आहेत. त्यांच्यासमोर घर नीटनेटके दिसावे, पण आपण मोठा देखावा मांडला आहे असे त्यांना वाटू नये.

कार्यक्रमांबद्दलही मी गोंधळले आहे. आमच्या नात्यातल्या एका केळवणात जेवण झाल्यावर सगळे जण आपापल्या मोबाइलमध्ये गुंतले आणि नवरी मुलगी भरजरी साडी नेसून एका खुर्चीत बसून राहिली. तसे होऊ नये असे वाटते. उलट प्रत्येक क्षणाला खेळ आणि माइकवरून घोषणा असाही गोंगाट नको आहे.

शेवटची गोष्ट लिहिताना मला थोडे अवघड वाटते, परंतु तीच माझ्या मनात सर्वांत जास्त आहे. माझ्या नणंदेचे, म्हणजे नवरीच्या आईचे, यजमान काही वर्षांपूर्वी गेले. त्यांनी एकटीने नोकरी सांभाळून मुलीला वाढवले, शिकवले आणि हे लग्नही त्याच उभे करत आहेत. मात्र औक्षणाचा विषय निघाला की त्या म्हणतात, “वहिनी, ते तुम्ही करा, मी स्वयंपाकघर बघते.” मला हे मान्य नाही. सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत, वाईट मनाच्या नाहीत. लेकीच्या हातून काही चुकीचे होऊ नये एवढीच भीती त्यांना वाटत असावी. त्यांचे मन न दुखवता यातून कसा मार्ग काढावा?

ज्यांनी घरात असे केळवण केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

अबोली

मामी, नमस्कार. सजावटीबद्दल मी सांगू शकेन, कारण नात्यातली आणि शेजारपाजारची बरीच केळवणे मी सजवली आहेत.

सर्वांत आधी एक निर्णय घ्या: सगळे घर सजवायचे नाही. बारा बाय अठराच्या हॉलमध्ये चाळीस माणसे आल्यावर भिंती तशाही दिसत नाहीत, दिसतात ती माणसे. त्यामुळे दारावरचे तोरण, नवरीच्या पाठीमागची एक भिंत आणि तिच्या पानाभोवतीची महिरप या तीनच जागांवर मन लावून काम करावे. बाकी घर स्वच्छ असले की पुरे.

भिंतीसाठी माझे सुचवणे असे आहे की, तुमच्या सासूबाईंच्या पेटीतली जुनी इरकली लुगडी काढावीत. आपल्या सांगली-मिरजेकडच्या बहुतेक जुन्या घरांत ती असतातच, आणि लाल टोपपदराची, गर्द हिरव्या किंवा जांभळ्या अंगाची दोन लुगडी शेजारी शेजारी सोडली की भाड्याने आणलेल्या कोणत्याही पडद्यापेक्षा ती भिंत भारदस्त दिसते. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. ते पडद्याच्या दांडीवरून दुमडून सोडले तर एकच लुगडे पुढून आणि मागून मिळून चार पदरी होते आणि त्याला चांगला भारही येतो. टोपपदराचा भाग समोर येईल असे सोडावे. एक काळजी मात्र नक्की घ्यावी. त्याला टाचण्या किंवा स्टेपलर लावू नये, कारण जुने रेशीम टाचणीच्या भोकापासून उसवत जाते. लाकडी चिमटे दांडीच्या वरच्या बाजूने, पुढून दिसणार नाहीत असे लावावेत. सासूबाईंना आधी विचारून, त्यांच्याच हाताने लुगडी निवडून घ्यावीत. मग सजावट त्यांचीही होते, आणि कोणते लुगडे कोणत्या प्रसंगी घेतले होते हे त्या मुलींना आपणहून सांगू लागतात.

फुलांचे सांगते. दिवाळीनंतर झेंडू आणि शेवंती मुबलक असतात, मोगऱ्याचा मात्र तो हंगाम नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नये. वासासाठी निशिगंध घ्यावा. मिरजेच्या फूलबाजारात शनिवारी सकाळी लवकर गेलात तर चांगला माल मिळतो. दाराच्या दोन्ही बाजू आणि वरची चौकट मिळून साधारण सतरा फूट माळ लागते. मोठा झेंडू घट्ट ओवला तर फुटाला सहा-सात फुले बसतात, म्हणजे शंभर-सव्वाशे फुले धरून चालावे, आणि मधून मधून आंब्याची पाने घातली तर कमी फुलांत भागते. माळा शनिवारी संध्याकाळी ओवून टोपलीत ठेवाव्यात आणि वरून ओले, पिळलेले पंचे झाकावेत. फुलांवर थेट पाणी शिंपडू नये, कारण पाणी पाकळ्यांच्या आत उतरले की सकाळपर्यंत झेंडू मधून काळा पडू लागतो. दाराशी केळीचे दोन खुंट बांधावेत. ते लावल्यावर आणखी काही लागत नाही.

आता महिरपीबद्दल, कारण केळवणाची खरी शोभा तिथेच असते. हॉलमध्ये पंखा असतो आणि रांगोळीची पूड उडून पानात जाते. रांगोळी ही दगडाची भुकटी आहे, ती अन्नात जाऊ नये. म्हणून पानालगतची पहिली रेघ तांदळाच्या पिठीची काढावी, तिच्याबाहेर झेंडूच्या पाकळ्या पसराव्यात आणि रंगीत रांगोळी त्याच्याही बाहेर, हातभर अंतरावर काढावी. पानाचे अग्र नवरीच्या डाव्या हाताला येईल असे पान आधी मांडून मगच महिरप काढायला घ्यावी, नाहीतर शेवटी पान फिरवताना सगळे विस्कटते. समई पाटाच्या उजव्या बाजूला, लुगड्यांच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढे असावी आणि तिच्यावर लक्ष ठेवायला एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

मैत्रिणींच्या यादीचेही उत्तर देते. थर्माकोलची अक्षरे आणि प्लास्टिकच्या काड्यांवरचे फुगे त्यांनी यादीतून काढावेत. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या या दोन्हींवर देशभर बंदी आहे. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याची अक्षरे कापून त्यांवर झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या चिकटवायचे काम त्याच मुलींना द्यावे. शनिवारी संध्याकाळी त्या तुमच्या घरी जमतील, हसतील, खिदळतील, आणि नवरीच्या नावाची अक्षरे त्यांच्या हातची असतील. फुग्यांची एखादी कमान गॅलरीत करू द्यावी आणि पट्टा, केक, त्यांचे फोटो हे सगळे तिकडेच ठेवावे. हॉल आजींचा आणि गॅलरी मैत्रिणींची, असे ठरवले की दोघींनाही मनासारखे करता येते.

बसवताना नवरीचे तोंड खिडकीकडे किंवा गॅलरीकडे असावे. उजेड पाठीमागून आला तर फोटोत तिचा चेहरा काळवंडतो.

---

प्रीतिसंगम

अबोलीताईंनी सजावटीचे उत्तम सांगितले आहे, मी वेळेचे आणि पंगतीचे तेवढे लिहितो.

साताऱ्याहून कराड-पेठ नाका मार्गे यायला साधारण अडीच-तीन तास धरावेत. त्यामुळे औक्षण साडेअकराच्या आधी ठेवू नये आणि पहिली पंगत साडेबाराला बसवावी. बारा बाय अठराच्या हॉलमध्ये वाढणाऱ्यांना फिरायला जागा ठेवून एका वेळी वीस पानेच नीट बसतात, म्हणून दोन पंगती कराव्यात. पहिल्या पंगतीत नवरी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या आणि साताऱ्याचे पाहुणे असावेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीलगत टेबल-खुर्च्या मांडाव्यात, आणि त्या टेबलावरही केळीचे पान व छोटी महिरप असावी, म्हणजे आपल्याला बाजूला बसवले असे त्यांना वाटत नाही. वाढायला पुरुष मंडळी असावीत. मामाने भाचीला स्वतः वाढावे, याहून योग्य काही नाही.

जेवणाबद्दल एकच सूचना. आपल्याकडे भरली वांगी हवीतच, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची चव बाहेरच्यांना मिळत नाही हेही खरे. मात्र चातुर्मासात वांगी सोडलेली घरे पुष्कळ असतात आणि त्यांतली अनेक चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच ती पुन्हा खातात. तुमचा रविवार चंपाषष्ठीच्या आधी येत असेल तर साताऱ्याच्या मंडळींना फोन करून विचारून घ्यावे आणि जोडीला दुसरी एखादी भाजी ठेवावी. बाकी पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात आणि मठ्ठा एवढ्यावर उत्तम जेवण होते. पदार्थांची संख्या वाढवली की घरच्या बायका स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाहीत.

---

निशिगंध

मामी, तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग वाचला आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवले नाही. मी मिरजेत राहते, माहेर शिरोळ तालुक्यातले आहे.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सगळे गावात यापुढे होणार नाही असे त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन ठरवले आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, सासूबाईंशी बोलताना “आजकालच्या मुलींना असे वाटते” या शब्दांत सुरुवात करू नका. आपल्याच भागातल्या शेतकरी, कष्टकरी, वयस्क माणसांच्या एका गावाने विचार करून हे केले, असे सांगा. आपल्या भागातले उदाहरण जुन्या माणसांना लवकर पटते असा माझा अनुभव आहे.

मात्र केवळ सासूबाईंना पटवून हा प्रश्न सुटणार नाही. तुमच्या नणंदबाई स्वतःच मागे सरतात, आणि त्यांच्या मागे सरण्यात इतक्या वर्षांची सवय आहे, आणि चारचौघांत कोणी काही बोलेल याची धास्ती आहे. म्हणून ऐन वेळी, सगळ्यांच्या देखत “या ना, तुम्ही औक्षण करा” असा आग्रह करू नये. तसे केल्याने त्यांना अधिक संकोच होईल आणि नकार दिला तर तो सगळ्यांसमोर दिला जाईल. दोन-चार दिवस आधी, तुम्ही दोघीच असताना, त्यांच्याशी शांतपणे बोला. नवरी मुलीनेही आईला सांगावे की पहिले औक्षण तुझ्या हातून झाले तरच मला बरे वाटेल. लेकीच्या तोंडून आलेल्या मागणीला आई नाही म्हणणार नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात क्रम असा ठेवता येईल: पहिले औक्षण आईने करावे, दुसरे आजीने, तिसरे मामींनी, आणि नंतर ज्यांना इच्छा असेल त्या सगळ्यांनी. तबक सुरुवातीपासून आईच्याच हातात द्यावे. आत निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी मांडून ते आईनेच तयार केलेले असावे, म्हणजे त्या क्षणी कोणी पुढे यायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. औक्षण करून झाल्यावर नवरीने आईलाही कुंकू लावायचे की नाही, हे मात्र सर्वस्वी त्यांच्या इच्छेवर सोडा. त्यांना नको असेल तर नको. त्यांचा मान राखणे म्हणजे त्यांच्यावर आपला विचार लादणे नव्हे.

साताऱ्याच्या पाहुण्यांनाही आदल्या दिवशी फोनवर सहज सांगून ठेवावे की आमच्याकडे पहिले औक्षण मुलीची आई करणार आहे. हे परवानगी मागण्याच्या सुरात सांगू नका, नुसते कळवा. माझ्या पुतणीच्या वेळी आम्ही असेच कळवले होते, आणि मुलाकडच्या एक वयस्क आत्याबाई औक्षण झाल्यावर स्वतः उठून माझ्या जावेला बिलगल्या. त्या स्वतःही तरुणपणीच विधवा झाल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले.

---

कासपठार

मी साताऱ्याची आहे, म्हणजे तुमच्या येणाऱ्या पाहुण्यांच्या गावची, त्यामुळे कार्यक्रमांबद्दल त्या बाजूनेही लिहिते.

खेळ निवडताना मी एकच कसोटी लावते: तो खेळ खेळताना नवरीविषयी कोणाला काही सांगता येते का? ज्यात येते तो ठेवावा. नुसते कागदी ग्लासांचे मनोरे रचणे किंवा फुगे फोडणे हे कोणाच्याही वाढदिवसाला चालते, त्यात केळवणाचे असे काही नाही.

माझ्या मते सर्वांत उपयोगी कार्यक्रम म्हणजे पाककृतींची वही. चांगल्या जाड कागदाची, शिवलेली वही आणून दारापाशी एका छोट्या टेबलावर ठेवावी. आलेल्या प्रत्येकीने तिला येणारा एक पदार्थ स्वतःच्या अक्षरात लिहावा, त्याखाली तो नवरीने प्रथम कधी खाल्ला किंवा तो कोणाकडून शिकला एवढे एक वाक्य लिहावे. पदार्थ मोठा असण्याची गरज नाही. भडंगाला फोडणी कशी द्यावी, कटाच्या आमटीत आमसूल कधी घालावे, मेतकूट किती दिवस टिकते, हेच पुढे परगावी राहताना लागते. आजींना लिहायला त्रास होत असेल तर त्यांनी सांगावे आणि एखाद्या नातीने लिहावे. त्यांच्या मापात “मूठभर”, “बेताचे”, “हाताला लागेल इतके” असे शब्द येतील, ते तसेच उतरवावेत, ग्रॅममध्ये बदलू नयेत. पुरुषांनाही लिहायला लावा, निदान चहा तरी लिहितील. पाहुणे एकदम न येता हळूहळू येत असतात, त्या रिकाम्या वेळात हे आपोआप होऊन जाते आणि ओळख नसलेल्या बायका एकमेकींना “तुम्ही काय लिहिलेत?” असे विचारू लागतात. साताऱ्याच्या मंडळींकडूनही आवर्जून लिहून घ्या. सासरच्या घरातल्या दोन पाककृती त्या वहीत असणे तिला फार मोलाचे वाटेल.

दुसरे म्हणजे जात्यावरच्या ओव्या. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायकांना त्या अजून येतात, पण कोणी म्हणायला सांगत नाही. जेवणाआधी, औक्षण झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवा. पहिल्यांदा त्या “आता कुठे आठवतेय” म्हणतील, तेव्हा घाई करू नका. एकीने सुरू केले की दुसरीला पुढची आठवते. फोन त्यांच्याजवळ ठेवून आवाज नोंदवून घ्या आणि त्या वेळी पंखा बंद ठेवा, नाहीतर ऐकताना नुसती घरघर येते. काही जणी हौसेने जातेही मांडतात. मात्र हळद दळण्याचा विधी लग्नघरी मुहूर्ताने होतो, तो केळवणात मिसळू नये, एवढे पथ्य पाळावे. घरात किंवा शेजारी कोणी गाणारे असेल तर जेवणानंतर तंबोऱ्यावर अर्धा तास गाणेही शोभेल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ज्यांच्या शेजारी हे वाद्य घडते त्यांच्या घरच्या कार्यात लाउडस्पीकरवरची गाणी लावण्याचे काही कारण नाही.

उखाणे तर हवेतच, पण “नाव घे, नाव घे” असा गराडा घालू नये. आधीच चिठ्ठ्या करून ठेवाव्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द लिहावा: कृष्णा, हळद, बेदाणे, अजिंक्यतारा, कास, घाट, पेढे. जिला जी चिठ्ठी येईल तिने त्या शब्दावरून नवरीसाठी उखाणा रचावा, हवे तर दोघी-तिघींनी मिळून रचावा. तुमच्या भाचीसाठी माझ्याकडून एक:

साताऱ्याचा पाऊस घेऊन सांगलीत येते कृष्णेचे पाणी,
…रावांचे नाव घेते मी मामाच्या अंगणी.

मैत्रिणींसाठी प्रश्नोत्तरांचा खेळ ठेवता येईल. नवरदेवाला आधीच फोन करून आठ-दहा प्रश्न विचारावेत, त्याची उत्तरे ध्वनिमुद्रित करून घ्यावीत आणि नवरीने ती ओळखावीत. प्रश्न मात्र मोठ्यांनी एकदा पाहून घ्यावेत. चहा किती गोड लागतो, शाळेत कोणता विषय नकोसा वाटायचा, रागावल्यावर पहिल्यांदा कोणाला फोन करतो, असे प्रश्न चांगले. पगार, वजन, रंग, आधीची स्थळे आणि मूल कधी, या पाच गोष्टींना कोणत्याही खेळात जागा देऊ नये. थट्टेच्या नावाखाली हे विचारले जाते आणि मुलीला सगळ्यांसमोर हसून घ्यावे लागते. तिच्या जेवणाच्या किंवा कामाच्या सवयींवरून सासरच्यांच्या देखत चेष्टा करणेही टाळावे.

झिम्मा-फुगडी शेवटी ठेवा, जेवणानंतर निदान तासाभराने. फरशी आधी कोरडी पुसून घ्या, पायांत मोजे नकोत, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी कळवा किंवा सरळ बोलावूनच घ्या. सगळ्यांना निरोप देताना ओटीसोबत खणाच्या छोट्या पिशवीत तुमच्या सांगलीची हळद आणि बेदाणे द्यावेत. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही टिकतात, आणि साताऱ्याच्या पाहुण्यांना घरी नेऊन वापरता येतात. शोभेच्या वस्तूंचे तसे होत नाही.

---

विश्रामबाग_मामी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी मी सासूबाईंसमोर हेरवाडचा विषय काढला. त्यांना ते आधीच ठाऊक होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “पहिलं तिनंच करावं. मी दुसरी.” वन्संशी मी आणि भाची मिळून उद्या बोलणार आहोत.

लुगड्यांची पेटीही त्यांनी आजच उघडायला लावली. दोन इरकली आणि एक जुने जरीचे निघाले आहे. वहीचे काम भाचीच्या धाकट्या भावाकडे दिले असून गॅलरी मैत्रिणींच्या ताब्यात दिल्याचे त्यांना कळवले आहे. त्या खूश आहेत. आमचा रविवार चंपाषष्ठीच्या नंतरचा आहे, त्यामुळे वांगी होतील.

आता फक्त एक शंका उरली आहे. जरीच्या लुगड्याला घडीवर काळपट रेघा पडल्या आहेत आणि कापड घडीच्या जागी विरल्यासारखे वाटते. ते भिंतीवर सोडावे का? सासूबाईंची इच्छा आहे, कारण ते त्यांच्या स्वतःच्या लग्नातले आहे.

---

अबोली

मामी, ते दांडीवर लटकवू नका. घडीवर विरलेले रेशीम स्वतःच्याच वजनाने उभे फाटते आणि एकदा चीर गेली की ती थांबत नाही. जरीवरचा काळेपणाही घासून काढायचा प्रयत्न करू नका. लुगडे सावलीत, स्वच्छ चादरीवर तासभर नुसते पसरून ठेवा. मग नवरीच्या पाटामागे एक चौरंग मांडा, त्यावर आधी जाड सुती पंचा आणि त्यावर हे लुगडे जुन्या घड्या टाळून, सैल दुमडून ठेवा. पदराचा चांगला भाग तेवढा पुढे दिसू द्या. त्याच्याजवळ समई, फुले किंवा ओले काहीही ठेवू नका. झेंडूचा रंग रेशमाला लागतो आणि निघत नाही. कार्यक्रम झाल्यावर ते प्लास्टिकच्या पिशवीत न घालता जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत जा.